खाऱ्या किनाऱ्यावर गोड्या पाण्याचा हिशेब

समुद्रकिनाऱ्यावर एका रात्रीपेक्षा अधिक काळ तंबूत राहायचे असेल, तर तो मुक्काम किती दिवस चालेल हे सर्वप्रथम गोड्या पाण्यावर ठरते. अन्नधान्य सुकवून, भाजून किंवा दळून हलके आणि टिकाऊ करता येते. पाण्याच्या बाबतीत तशी कोणतीही सोय नाही, कारण एक लिटर पाण्याचे वजन साधारण एक किलोग्रॅम भरतेच आणि त्यात साठवणीच्या भांड्याचे वजन मिळवावे लागते. पनवेलमधून निघणाऱ्या प्रवाशांच्या दृष्टीने हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलपासून सुरू होतो, आणि पेण-वडखळमार्गे अलिबाग, नागाव, रेवदंडा, काशीद, मुरूड व त्यापलीकडे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर या किनाऱ्यांकडे जाणारे मुंबई-पुण्याचे अनेक पर्यटक याच वाटेने पुढे सरकतात. किनाऱ्यावरील गावांच्या तुलनेत पनवेलमध्ये पाणी, जार आणि साठवणीची साधने सहज मिळतात, म्हणून पाण्याचा हिशेब करण्याचे योग्य ठिकाण वाळूचा किनारा नसून पनवेल आहे.

भरपूर पाऊस, तरीही टंचाई

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तरीही मार्चनंतर जिल्ह्यातील अनेक गावांत पिण्याच्या पाण्याची ओढाताण सुरू होते. या विरोधाभासाची कारणे भूरचनेत आहेत. जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यातील अंतर थोडे असल्याने नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या आहेत. आणि खाली पसरलेला बेसाल्ट, म्हणजे लाव्हारस थिजून तयार झालेला काळा कातळ, भेगा व झिजलेला थर वगळता फारसे पाणी धरून ठेवत नाही. त्यामुळे पडलेल्या पाण्यातील मोठा वाटा काही तासांतच खाडीला मिळतो.

खुद्द पनवेलचा अनुभव याला अपवाद नाही. १८५२ साली नगरपालिका स्थापन झालेल्या या जुन्या बंदरशहरात वडाळे तलावासारखे तलाव आहेत, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी गाढी नदीवर शहराच्या मालकीचे देहरंग धरण आहे. परंतु शहराची वाढ धरणाच्या कुवतीपेक्षा फार पुढे गेली असल्याने उन्हाळ्यात बाहेरून मिळणाऱ्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते. पेण आणि अलिबाग तालुक्यांतील खारेपाटाची, म्हणजे बांध घालून खाडीपासून मिळवलेल्या सखल जमिनीच्या पट्ट्याची, स्थिती याहून कठीण आहे. तेथे जमिनीखालचे पाणी बहुधा खारे असल्याने पावसाचे पाणी तळ्यांत साठवण्याची रीत पूर्वापार चालत आली आहे, आणि त्याच तळ्यांत जिताडा हा मासाही वाढवला जातो. पर्यटनाचा बहर आणि या गावांची टंचाई एप्रिल-मे महिन्यांत एकत्र येतात, हे किनाऱ्यावरील मुक्काम आखणाऱ्याने प्रथम ध्यानात घ्यावे.

वाळूखालचे गोडे पाणी

समुद्रापासून हाकेच्या अंतरावरील नारळ-सुपारीच्या वाडीत गोड्या पाण्याची विहीर कशी असते, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर घनतेत आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे ते गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते आणि जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. डच अभियंता बॅडन गायबेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि जर्मन अभियंता हर्झबर्ग यांनी १९०१ साली स्वतंत्रपणे मांडलेल्या नियमानुसार, भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल तर गोड्या पाण्याचा थर समुद्रसपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत जातो. याच नियमाची दुसरी बाजू धोक्याची आहे: उपशामुळे पातळी १० सेंटिमीटरने कायमची उतरली, तर खालचे खारे पाणी हळूहळू सुमारे चार मीटर वर चढते. हा नियम एकसारख्या वाळूच्या थराला लागू पडतो आणि भेगाळलेल्या कातळात त्यातील आकडे बदलतात, तरी तत्त्व तेच राहते.

या तत्त्वामुळेच वाडीतील उथळ विहीर आणि तिच्यावरचा राहट ही जुनी जोडी टिकून राहिली; राहटाने पाणी वरच्या थरातून आणि सावकाश उपसले जात असे. खोल कूपनलिका आणि वेगवान पंप यांनी एकाच जागी भरमसाट उपसा झाला, की विहिरीचे पाणी मचूळ होते, म्हणजे धड खारे नाही आणि धड गोडेही नाही अशा चवीचे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोतच नसेल तर ती १,००० मिलिग्रॅमपर्यंत शिथिल होते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असते, म्हणजे विहिरीच्या पाण्यात समुद्राचा अवघा पाच टक्के अंश मिसळला तरी ती शिथिल मर्यादाही गाठली जाते. एकदा मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला अनेक पावसाळे लागू शकतात. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसण्यास, स्थानिक वस्तीच्या स्वतःच्या वापराखेरीज, मनाई केली आणि २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात अन्य स्रोत नसल्यास साध्या विहिरीतून हाताने पाणी काढण्यापुरती मुभा ठेवली, त्यामागे हेच शास्त्र आहे.

गोड्या पाण्याच्या या मर्यादेचे भान जुन्या दुर्गबांधणीत स्पष्ट दिसते. मालवणजवळ कुरटे बेटावर १६६४ साली पायाभरणी झालेल्या सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. मुरूडसमोरील जंजिऱ्यात दोन मोठे तलाव आहेत. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातही चहूकडे समुद्र असताना गोडे पाणी मिळते. पनवेलजवळच्या कर्नाळा किल्ल्यावर सुळक्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. किल्ल्यावर किती माणसे किती काळ राहू शकतील याचे उत्तर धान्याच्या कोठारांइतकेच या टाक्यांच्या खोलीवर अवलंबून होते.

शरीराला किती पाणी लागते

विश्रांतीच्या अवस्थेतही प्रौढ माणसाच्या शरीरातून लघवी, श्वास आणि त्वचा यांवाटे दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी बाहेर पडते, आणि त्यातील काही भाग अन्नातून भरून निघतो. उन्हात चालणे, पोहणे, खेळणे अशा हालचालींत घामावाटे तासाला अर्धा ते एक लिटर पाणी जाऊ शकते. घामाचे काम शरीर थंड ठेवण्याचे असून एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते; मात्र कोकण किनाऱ्यावरील दमट हवेत घामाची पुरेशी वाफ होत नाही, तो ओघळून जातो, आणि त्यामुळे पाणी खर्च होऊनही शरीर तेवढे थंड होत नाही. कोरड्या हवेच्या देशावरील माणसाला किनाऱ्यावर पाण्याचा अंदाज चुकतो त्याचे एक कारण हे आहे.

समुद्राचे पाणी पिऊन तहान भागत नाही, कारण मूत्रपिंडे मिठाचे जितके तीव्र द्रावण बाहेर टाकू शकतात, त्याहून हे पाणी अधिक खारे असते. ते प्यायल्यास त्यातील मीठ बाहेर काढण्यासाठी शरीराला स्वतःजवळचे पाणी खर्चावे लागते आणि निर्जलीकरण, म्हणजे शरीरातील पाण्याची घट, वाढतच जाते. दुसऱ्या टोकाचा धोकाही ओळखला पाहिजे: तासन्‌तास घाम गाळून त्यावर केवळ साधे पाणी भराभर प्यायल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घटून डोकेदुखी, मळमळ आणि गोंधळलेपण येऊ शकते. म्हणून थोड्या थोड्या वेळाने पिणे आणि जेवणातून मीठ घेणे योग्य ठरते. जुलाब-उलट्या झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून केलेली जलसंजीवनी उपयोगी पडते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम पुष्कळ पण सोडियम कमी असते, त्यामुळे ते उत्तम पेय असले तरी घामातून गेलेल्या मिठाची भरपाई त्याने पूर्ण होत नाही. लघवीचा रंग फिकट पिवळा असणे ही पाणी पुरेसे मिळत असल्याची सोपी खूण आहे; तो गडद होऊ लागला की साठा कितीही कमी असला तरी पिण्याचे प्रमाण वाढवावे.

अंदाज बांधण्याची रीत

शहरी पाणीपुरवठ्याच्या भारतीय निकषात माणशी दिवसाला १३५ लिटर, तर जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी ५५ लिटर पाणी धरले जाते. आपत्तीग्रस्तांसाठीच्या ‘स्फिअर’ या आंतरराष्ट्रीय मानकात किमान १५ लिटरचा उल्लेख असून त्यातील पिण्या-खाण्यासाठीचा जगण्यापुरता वाटा अडीच ते तीन लिटरचा आहे. तंबूतील मुक्कामाचा अंदाज या शेवटच्या आकड्यांच्या आसपास बांधावा लागतो, आणि त्यासाठी पाण्याची पाच खाती वेगळी मांडणे सोयीचे असते: पिणे, स्वयंपाक, भांडी, हात-तोंड व शौच, आणि समुद्रस्नानानंतर अंगावरचे मीठ धुणे.

चार प्रौढ माणसे एप्रिल महिन्यात तीन रात्री, म्हणजे चार दिवस, किनाऱ्यावर राहणार आहेत असे समजावे. पाण्याकडे लक्ष न देता वागल्यास माणशी दिवसाला पिण्यासाठी ४, स्वयंपाकासाठी २, भांड्यांसाठी ३, हात-तोंड व शौचासाठी ३ आणि अंग धुण्यासाठी ५ असे १७ लिटर सहज लागतात, आणि एकूण गरज २७२ लिटरवर जाते. जपून वागल्यास हेच आकडे अनुक्रमे ४, दीड, अर्धा, दीड आणि १ असे होऊन माणशी साडेआठ लिटर, म्हणजे एकूण १३६ लिटर पुरतात. या दोन मांडण्यांत पाण्याची गरज निम्मी झाली आहे, परंतु पिण्याचे चार लिटर जसेच्या तसे राहिले आहेत. काटकसरीचा सगळा भार उरलेल्या चार खात्यांवर टाकायचा आणि पिण्याच्या खात्याला हात लावायचा नाही, हा या संपूर्ण हिशेबाचा पाया आहे.

यावर राखीव साठा धरावा लागतो. एक दिवसाचे पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी राखीव धरल्यास चौघांसाठी २२ लिटर होतात, आणि एकूण बेरीज १५८ लिटर, म्हणजे बाजारात मिळणारे २० लिटरचे आठ जार इतकी भरते. हे सुमारे १६० किलोग्रॅम वजन चार माणसे आणि त्यांचे सामान असलेल्या लहान गाडीला झेपणारे नाही, म्हणून दोन दिवसांचे ६८ आणि राखीव २२ असे ९० लिटर पाणी पाच जारांत घेऊन निघावे आणि पुन्हा भरण्याची जागा निघण्यापूर्वीच निश्चित करावी. पाणी एकाच मोठ्या पिंपात न ठेवता अनेक भांड्यांत वाटून ठेवल्यास एखादे गळाले किंवा वाळूने दूषित झाले तरी सारा साठा जात नाही. राखीव जार मोहोरबंद ठेवून नेहमीच्या जारांपासून दूर, सावलीत ठेवावा.

कागदावरचा अंदाज पहिल्या दिवसाच्या मोजमापाने तपासून घ्यावा लागतो. रोजचा अपेक्षित खर्च ३४ लिटर असताना पहिल्या संध्याकाळी ४५ लिटर संपल्याचे दिसले, तर आठही जार सोबत नेले असल्यास ११५ लिटर उरतात, राखीव वगळता ९३. हाच वेग राहिल्यास हे पाणी तीन दिवसांऐवजी जेमतेम दोन दिवस पुरेल. ते तीन दिवस पुरवायचे तर रोज ३१ लिटरच मिळतात आणि त्यांतील १६ पिण्याचे असल्याने इतर सर्व कामांसाठी १५ उरतात. हा निर्णय पहिल्याच संध्याकाळी घेता आला तर तो सोपा असतो. तिसऱ्या दुपारी घ्यावा लागला तर त्याची किंमत पिण्याच्या पाण्यात मोजावी लागते.

जपणुकीचे मार्ग

पाणी जपण्याचा पहिला मार्ग म्हणजे घाम जपणे. तंबू ठोकणे, सामान हलवणे, दूरवर चालणे ही कामे सकाळी नऊपूर्वी आणि संध्याकाळी पाचनंतर करावीत आणि दुपार सुरूच्या बनाच्या सावलीत काढावी. याने माणशी एखादा लिटर घाम सहज वाचतो, आणि तेवढे पाणी जारातून घ्यावे लागत नाही.

दुसरा मार्ग कामानुसार पाण्याची प्रत ठरवण्याचा आहे. करंजासारख्या बंदरांतून अनेक दिवसांसाठी समुद्रात जाणाऱ्या मासेमारी नौका निघण्यापूर्वी डिझेल, बर्फ आणि गोडे पाणी या तीन गोष्टी भरून घेतात, आणि डेक व जाळी धुण्याचे काम समुद्राच्या पाण्यावर भागवतात. गोडे पाणी पिण्या-रांधण्यासाठी राखले जाते. तंबूतही खरकटी भांडी वाळूने घासून समुद्राच्या पाण्याने धुवावीत आणि शेवटी थोड्या गोड्या पाण्याने विसळावीत. साधा साबण समुद्राच्या पाण्यात फेसाळत नाही, कारण त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी संयोग होऊन त्याचा चिकट साका बनतो. म्हणून तो तेथे वापरण्यात लाभ नाही. खाडीच्या मुखाजवळ किंवा सांडपाणी मिसळते अशा ठिकाणी मात्र भांड्यांसाठीही समुद्राचे पाणी घेऊ नये. समुद्रस्नानानंतर अंगावर तांब्याने पाणी ओतण्याऐवजी ओल्या पंच्याने अंग पुसल्यास एक लिटरमध्ये मीठ निघते.

तिसरा मार्ग स्वयंपाकाच्या निवडीचा आहे. डाळ-तांदळाची खिचडी प्रेशर कुकरमध्ये शिजवल्यास वाफ आत राहते, पाणी ओतून द्यावे लागत नाही आणि भांडेही एकच पडते. भाकऱ्या, दशम्या, चटण्या घरून नेल्यास पहिल्या दिवसाचे स्वयंपाकाचे पाणी वाचते. सुकट आणि सुके बोंबील वजनाला हलके असले तरी धुण्यासाठी पाणी मागतात आणि खारवलेले असल्यास नंतर तहान वाढवतात, हे हिशेबात धरावे. जाराला तोटी लावल्याने सांडलवंड टळते, आणि हात धुण्यासाठी बारीक भोक पाडलेली बाटली टांगून ठेवल्यास पाण्याची धार आपोआप मर्यादित राहते.

वाटेत मिळणाऱ्या पाण्याची पारख

पुन्हा भरलेले पाणी कोणत्या स्रोतातून आले हे विचारून घ्यावे. ग्रामपंचायतीच्या विहिरीत जलसुरक्षक हा कर्मचारी टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनयुक्त निर्जंतुक चूर्ण, टाकत असतो. खासगी विहिरीची अशी खात्री नसते. गढूळ पाणी प्रथम निवळू द्यावे, चौपदरी स्वच्छ कापडातून गाळावे आणि मग खळखळून उकळावे किंवा क्लोरीनचे द्रावण वेष्टनावरील प्रमाणात घालून किमान अर्धा तास थांबावे. या उपायांनी रोगजंतू मरतात, क्षार मात्र तसेच राहतात. मचूळ पाणी उकळल्याने उलट अधिक खारे होते.

समुद्राचेच पाणी गोडे करण्याच्या कल्पनेवर मुक्काम आखू नये. वाळूत खड्डा करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून, उन्हाने झालेली वाफ गोळा करण्याची युक्ती खरी असली तरी तिच्यातून दिवसभरात मिळणारे पाणी बहुधा एका लिटरपेक्षाही कमी असते. व्यस्त परासरणात, म्हणजे दाब देऊन पाणी सूक्ष्म पडद्यातून पलीकडे ढकलण्याच्या पद्धतीत, समुद्राच्या पाण्याचा सुमारे २७ वातावरणांचा परासरण दाब ओलांडावा लागतो, आणि घरगुती शुद्धीकरण यंत्राचा पंप त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

मुक्कामाचा काळ आणि गावाचा वाटा

किनाऱ्यावर आलेल्या पाहुण्याने भरून घेतलेली प्रत्येक कळशी त्या गावाच्या साठ्यातून जाते, आणि तो साठा ऑक्टोबरमध्ये जितका असतो तितका मेमध्ये नसतो. म्हणून मुक्कामाची लांबी ऋतूप्रमाणे ठरवणे हा पाणी जपण्याचा सर्वांत मोठा उपाय आहे. चार-पाच दिवसांचे लांब मुक्काम ऑक्टोबर ते जानेवारीत करावेत, तेव्हा विहिरींची पातळी चांगली असते, हवा सुसह्य असते आणि माणशी पिण्याची गरजही तीन लिटरच्या आसपास राहते. एप्रिल-मेमध्ये मुक्काम एक-दोन रात्रींचा ठेवावा आणि त्याचे सगळे पाणी पनवेल, पेण किंवा अलिबागसारख्या मोठ्या गावातून भरून न्यावे. दोन रात्री, म्हणजे तीन दिवस, चौघांना साडेआठ लिटरप्रमाणे १०२ आणि राखीव २२ असे १२४ लिटर लागतात, एका रात्रीसाठी ९०. यांपैकी जितके पाणी गाडीला झेपेल, तितक्याच दिवसांचा तो मुक्काम आखावा.